पाणी, मेस आणि गेट : होस्टेलमध्ये बस्तान बसवताना

परभणीहून रात्रभर एसटीत बसून मी पुण्यात उतरले, तेव्हा बाबांच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि माझ्या काखेत सुतळीनं बांधलेली कापसाची गादी. गादी रिक्षात मावेना. शेवटी बाबा ती मांडीवर घेऊन, तोंड बाहेर काढून बसले. दोन आठवड्यांनी कळलं की तसलीच गादी होस्टेलपासून पंधरा मिनिटांवर मिळत होती.

होस्टेलमधल्या बहुतेक गोष्टी मला अशाच उशिरा कळल्या. पुढं एक वर्ष मेस कमिटीत काढलं, एका एकांकिकेत नाचले-बागडले आणि एक विषय केटीच्या (म्हणजे नापास होऊन पुन्हा पेपर देण्याच्या) तोंडातून कसाबसा ओढून आणला, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. होस्टेलचा दिवस तीन खुंट्यांना टांगलेला असतो : सकाळचं पाणी, दोन वेळची मेस आणि रात्रीचं गेट. घरी कुणीतरी उठवतं, ताट झाकून ठेवतं, ‘झोप आता’ म्हणतं. इथं तसं कुणी नसतं आणि या तीन वेळा मात्र कुणासाठी हलत नाहीत. म्हणून अभ्यास, नाटक, खेळ, झोप, सगळं त्यांच्या हिशेबानं लावायचं.

हे सगळं पुण्यातल्या वसतिगृहांचा अनुभव धरून लिहिते आहे. कोल्हापूरला किंवा नागपूरला नियमांची नावं वेगळी असतील. ढेकूण तेच असतील.

निघण्याआधी : कागद

प्रवेशाची पावती, आधीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागू असेल तर तो, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो. या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स घरूनच काढून आणा, कारण प्रवेशाच्या दिवशी कॅम्पसवरच्या झेरॉक्सच्या दुकानात जेवढी रांग असते तेवढी ऑफिसातही नसते. मूळ कागद द्यावे लागले तर दिल्याची पोच मागा. रॅगिंगविरोधी शपथपत्र विद्यार्थ्याचं आणि पालकांचं अशी दोन असतात. ती ऑनलाइन भरायची आणि त्याची प्रिंट जवळ ठेवायची. बऱ्याच ठिकाणी ‘स्थानिक पालक’ म्हणून पुण्यातल्या कुणाचं तरी नाव लागतं. मावशी-आत्या नसेल तर गावाकडच्या ओळखीचं कुणीतरी आधीच विचारून ठेवा. आयत्या वेळी लांबच्या चुलत्याचा नंबर शोधत बसणं फार लाजिरवाणं असतं.

आणि अनामत रकमेची पावती. तिचा फोटो काढा, तो स्वतःलाच मेल करा आणि मूळ पावती पेटीच्या तळाशी ठेवा. दोन वर्षांनी ‘नो ड्यूज’च्या, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला घेण्याच्या वेळी याच चिठोऱ्यासाठी खोली उलटीपालटी होते.

होस्टेलची गुणवत्ता यादी पुष्कळदा वर्ग सुरू झाल्यावर लागते. मधले दिवस काढण्यासाठी बाहेर कॉट बेसिसवर (खोलीतली एक कॉट भाड्यानं) जागा घेणार असाल, तर महिन्याच्या बोलीवरच घ्या. अकरा महिन्यांचा करार करून डिपॉझिट अडकवू नका. दुसरा मार्ग म्हणजे ओळखीच्या कुणाच्या खोलीत नाव न लावता राहणं. होस्टेलच्या भाषेत अशा माणसाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. चार रात्री ठीक आहे, पण धाड पडली तर तुमच्याबरोबर ज्यानं ठेवून घेतलं त्याचीही खोली जाते, हे विसरू नका.

यादीत नाव लागलंच नाही तर हात टेकू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी पैसे थेट खात्यात येतात. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी हा आकडा योजना आली तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये होता. अनुसूचित जमातींसाठी त्याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अटी दरवर्षी वाचाव्या लागतात. पैसे उशिरा येतात, त्यामुळं पहिल्या तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच या.

सामान : कमी, पण नाव घातलेलं

दोन मजबूत कुलपं (एक खोलीला, एक कपाटाला), प्रत्येकाच्या जास्तीच्या किल्ल्या. बादली आणि मग, दोन्हींवर ऑइलपेंटनं नाव. मार्करनं घातलेलं नाव महिन्याभरात धुऊन जातं आणि बादली ‘सार्वजनिक’ होते. नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे, कारण पावसाळ्यात कपडे खोलीतच वाळवावे लागतात. टेबललॅम्प, एक्स्टेन्शन बोर्ड, मच्छरदाणी, स्टीलचं ताट-वाटी-पेला, सतरंजी, सुईदोरा. ताप-जुलाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं. मुलींनी सॅनिटरी पॅडचा महिन्याभराचा साठा ठेवावा, कारण गेट बंद झाल्यावर मेडिकल आठवून उपयोग नाही.

पाणी तापवायची कॉइल आणि इलेक्ट्रिक शेगडी आणू नका. जप्त होते ते सोडा, पण जुन्या इमारतींचं वायरिंग ते ओझं पेलत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या मॅगीपायी पूर्ण मजल्याची वीज गेली, तर ती मॅगी घशाखाली उतरत नाही. मी पाहिलंय.

पहिला दिवस : कॉट उलटी करा

किल्ली हातात आली की आधी ट्यूब, पंखा, खिडकीच्या काचा, कपाटाची कडी, खुर्चीचे पाय बघा. जे मोडलेलं आहे त्याचे तारखेसह फोटो काढा आणि ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये नोंद करा. नाहीतर ते तुम्हीच मोडलं असं धरून अनामत रकमेतून कापलं जातं.

मग कॉट. तिच्यावर लगेच गादी टाकू नका. कॉट उभी करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि सांधे, स्क्रूची भोकं, प्लायवूडच्या कडा तपासा. बारीक काळे ठिपके दिसले तर ती ढेकणांची विष्ठा. लोखंडी कॉट असेल तर बाथरूमजवळ न्या आणि प्रत्येक सांध्यात कढत पाणी ओता. पन्नास अंशांच्या वरच्या उष्णतेत ढेकूणही मरतात आणि अंडीही. रॉकेल शिंपडायचा जुना उपाय कुणीतरी सुचवेलच. बंद खोलीत तो धोक्याचा आहे, करू नका. अंडी साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत हेच सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं. पहिल्या खेपेनंतर शांतता झाली की लोक गाफील राहतात आणि तिथंच हरतात. दुसरी चूक म्हणजे एकटीनं करणं. तुमची कॉट धुतली आणि शेजारणीची तशीच राहिली, तर ढेकूण रात्रीतून स्थलांतर करतात. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रविवारी करायचं. जमलं तर शेजारच्या खोलीलाही उठवायचं. जाणाऱ्या सीनियरची गादी फुकट मिळतेय म्हणून घेऊ नका. ढेकूण न जेवता महिनोन्महिने राहू शकतात. सुट्टीभर गुंडाळून ठेवलेली गादी ‘साफ’ नसते, उपाशी असते.

एवढं ढेकूणपुराण कशासाठी, असं वाटेल. पण माझ्या पहिल्या सेमिस्टरचं नुकसान कठीण विषयांनी जितकं केलं नाही तितकं अर्धवट झोपेनं केलं.

खोलीतल्या माणसांशी तह

माझ्या खोलीत आम्ही तिघी : मी परभणीची, एक गडचिरोलीची, एक देवगडची. एकीला भातात तिखट लागायचं, एकीला मासे आठवून रडू यायचं, आणि तिघींची मराठी ऐकून मेसवाल्या मावशी हसायच्या. पहिल्या आठवड्यात सगळ्याच फार गोड वागतात. नेमक्या त्याच आठवड्यात पाच गोष्टी बोलून घ्याव्यात : मोठा दिवा किती वाजता मालवायचा, फोनवर बोलायला कुठं जायचं (उत्तर एकच, व्हरांड्यात), झाडू कुणी कधी मारायचा, पाहुणी येणार असेल तर किती आधी सांगायचं, आणि उसने पैसे. दोन महिन्यांनी या गोष्टी काढल्या की ते भांडण होतं. पहिल्या आठवड्यात काढल्या तर नुसत्या गप्पा असतात. घरून आलेला डबा मात्र कितीही तह केले तरी सगळ्यांचा असतो. चकल्या अर्ध्या बाहेर ठेवायच्या, अर्ध्या कुलपात.

गावाकडून आलेलं माणूस आपल्या जिल्ह्याची, आपल्या जातीची माणसं शोधतं. पहिले काही दिवस तो आधार असतो, हे मी नाकारत नाही. पण वर्षभर त्याच टेबलावर जेवू नका. महाराष्ट्रात वसतिगृह या गोष्टीचा इतिहासच त्याच्या उलट दिशेनं गेलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, कारण तेव्हा बहुजनांच्या मुलांना शहरात राहायला जागाच नव्हती. पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणलं. स्वयंपाक एकत्र, पंगत एकत्र. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. हे बोर्डिंग चालवताना घरातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आणि आपण शंभर वर्षांनी मेसमध्ये ‘आमचा ग्रुप’ म्हणून टेबल अडवून बसतो. ‘आडनाव काय?’ या प्रश्नानंतर ज्याचा सूर बदलतो, त्याला ओळखून ठेवा म्हणजे झालं.

‘इंट्रो’च्या नावाखाली रात्री खोलीत बोलावून गाणी म्हणायला, नाचायला, घाणेरडे प्रश्न सहन करायला लावणं हे रॅगिंगच आहे. ‘आम्ही पण सहन केलं’ हा बचाव नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यावर पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम त्याखेरीज. रेक्टरकडं, म्हणजे होस्टेलच्या प्रमुखांकडं जायची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो.

मेस

एकेकाळी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मानानं आपण सुखी आहोत, असं मेसची आमटी पातळ लागली की मी स्वतःला सांगायचे. रोज पटत नसे.

मेस दोन तऱ्हेच्या. एक कंत्राटदाराची, ठरावीक महिना. दुसरी मुलांनी कमिटी नेमून चालवलेली, जिथं महिन्याचा एकूण खर्च जेवणाऱ्यांत वाटला जातो. दुसरी साधारणपणे स्वस्त पडते आणि तिच्यात डोकेदुखीही आपलीच असते. कुठलीही असो, पहिल्याच दिवशी ‘खाड्या’चा नियम विचारा. तुम्ही गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात, पण त्यासाठी किती आधी सांगायचं, सलग किती दिवसांचा खाडा धरतात, तोंडी चालतं की रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, हे मेसगणिक वेगळं असतं. आमच्याकडं आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत लिहावं लागे आणि तीन दिवसांच्या खाली खाडा नसे. दिवाळीच्या आधी मी घाईत न लिहिता गेले. अकरा दिवसांची जेवणं न जेवता भरली.

रविवारी दुपारी फीस्ट (आठवड्याचं खास जेवण), संध्याकाळी मेस बंद. ही रविवार संध्याकाळ महिन्याचा हिशेब बिघडवते. बाहेर जेवायला चौघी निघतात आणि पाच दिवसांच्या जेवणाचे पैसे उडवून येतात. दर रविवारी जायलाच हवं असं नाही. फीस्टनंतर तशीही भूक नसते. खोलीत शेंगदाणे, गूळ, फुटाणे, केळी असली की भागतं. अंडी चालत असतील तर कॅन्टीनमध्ये उकडलेली अंडी. मेसच्या जेवणात पोळी-भात पोटभर असतो, कमी पडतं ते डाळ-कडधान्य.

जेवणाबद्दल तक्रार करायची तर ग्रुपवर अळीचा फोटो टाकून थांबू नका. तक्रारवहीत तारीख, वेळ, पदार्थ लिहा, दहा जणींच्या सह्या घ्या आणि वही घेऊन रेक्टरांच्या टेबलापाशी उभ्या राहा. एका जणीला ‘बघू’ म्हणतात, दहा जणींना बसायला खुर्च्या देतात. जमलं तर कमिटीतच शिरा. पन्नास किलो कांदा कधी घ्यायचा, सिलिंडर कुणी ढापला, उधारी किती थकली, हे शिकवणारा कोर्स कुठल्या अभ्यासक्रमात मी पाहिलेला नाही.

आठवड्याचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. कागद घ्या. आठवड्याचे तास १६८. सात तास झोप धरली तर ४९ गेले. अंघोळ, मेस, कपडे, ये-जा यांना रोजचे साडेतीन, म्हणजे २४-२५. वर्गातले तास आणि प्रॅक्टिकलं मिळून २५ धरा. उरले जवळजवळ ७०. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा मला वाटलं, बेरीज चुकली. मी तर दिवसभर ‘वेळच मिळत नाही’ म्हणत होते.

नव्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यानुसार ४० क्रेडिटच्या एका वर्षाला १,२०० तासांचं अध्ययन अपेक्षित आहे, म्हणजे सेमिस्टरला ६००. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४०, त्यात वर्गातले तासही आले. म्हणजे वर्गाबाहेर पंधरा ते वीस तास मन लावून बसलात, तर अभ्यास होतो. तरीही पन्नासेक तास मोकळे राहतात. मग ते जातात कुठं? व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर. टपरीवरचे तास मी वाया गेले असं म्हणणार नाही. माझ्या प्रकल्पाचा विषय तिथंच सुचला. मोबाइलवरचे गेलेच.

या मोकळ्या तासांचे तुकडे खुंट्यांनी पडलेले असतात, म्हणून कुठला तुकडा कशाला, हे ओळखावं लागतं.

पाणी : गरम पाणी साडेसहापर्यंतच, पुढं रांग आणि आरडाओरडा. सहाला उठून अंघोळ उरकली की साडेआठपर्यंत मजला शांत असतो, कारण बाकीच्या रांगेत असतात. गणित, सांख्यिकी, जे काही तुम्हाला छळतं, ते या दोन तासांत. थंडीच्या दिवसांत पुण्यात पहाटे उठणं जिवावर येतं. तेव्हा मी संध्याकाळी अंघोळ करून सकाळ वाचवायचे.

संध्याकाळची मेस : साडेसातला दार उघडतं. पहिल्या पंगतीला जेवणारी आठला मोकळी होते, नवाच्या पंगतीला जाणारी गप्पांत साडेदहाला. या एका सवयीनं मला आठवड्याला सात-आठ तास मिळाले. पहिली पंगत, पाण्याची बाटली, थेट वाचनालय. खोलीत परत जायचं नाही. खोलीत ‘पाच मिनिटं’ गेलेलं माणूस कॉटवर आडवं होतं.

गेट : वाचनालय उशिरापर्यंत उघडं असतं आणि होस्टेलचं गेट त्याआधी बंद होतं, असं पुष्कळ ठिकाणी आहे. मुलींच्या होस्टेलचं तर हमखास. लेट पासचा अर्ज विभागप्रमुखांच्या सहीनं सेमिस्टरच्या सुरुवातीलाच एकदा करून टाका. मुलग्यांचं गेट उशिरा आणि मुलींचं लवकर हा अन्याय आहे हे माझं स्पष्ट मत, आणि त्यावर सगळ्यांनी मिळून लेखी निवेदन द्यायलाच हवं. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत लेट पास हातात असावा.

अंतरही हिशेबात धरा. गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४०० एकरांहून मोठा आहे. विभाग, जयकर ग्रंथालय, मेस, होस्टेल अशा फेऱ्या रोज पायी मारल्या तर तास-दीड तास सहज जातो. जुनी सायकल घ्या आणि साखळीकुलूपही.

नाटक, खेळ, एनएसएस : किती आणि कधी

माझा नियम : एका सेमिस्टरला एक जड उपक्रम, एक हलका. जड म्हणजे ज्याच्या तालमी रोज असतात आणि ज्याची तारीख दुसऱ्याच्या हातात असते. हलका म्हणजे आठवड्यातून एकदा, चुकला तरी चालेल असा. दोन जड घेतलेत तर तिसरी जड गोष्ट, म्हणजे परीक्षा, घसरते.

पुण्यात जडांचा राजा पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते आणि भरत नाट्य मंदिरात तिच्या फेऱ्यांना होणारा गोंगाट एकदा तरी अनुभवावा असा असतो. पण फेऱ्या साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तालमी नेमक्या तेव्हा जेव्हा तुमची ढेकणांशी लढाई चालू असते. पहिल्या वर्षी स्टेजवर जाण्याचा हट्ट धरू नका. बॅकस्टेजला जा, प्रॉपर्टी (नाटकातलं सामान) सांभाळा, प्रकाशयोजना बघा. ओळखी होतात, तालमीचा ताण बेताचा राहतो. फिरोदिया करंडकात नाटकाखेरीज गाणं, वाद्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच सादरीकरणात गुंफतात. ज्याला अभिनय येत नाही त्यालाही तिथं जागा असते.

संशोधनाकडं ओढा असेल तर राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा पाहा. तिच्यासाठी केलेलं काम बहुधा अभ्यासाच्या प्रकल्पातही चालतं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. तशाच स्पर्धा सांस्कृतिकमध्ये ‘इंद्रधनुष्य’, खेळात ‘अश्वमेध’. राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. विभागून येणारं, त्यामुळं मी त्याला हलक्यात धरते. शिबिराचा आठवडा तेवढा सोडून. पैशांची चणचण असेल तर कमवा व शिका योजनेत नाव नोंदवा. ग्रंथालय, कार्यालय, बाग असं रोज दोन-तीन तासांचं काम आणि तासावर मानधन. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं राबूनच शिकली. पण हेही जडातच मोजा.

उपक्रम घेण्याआधी हजेरीचं गणित मांडा. एका विषयाचे ६० तास आणि ७५ टक्क्यांची अट असेल तर ४५ हवेतच. बुडवायला १५. त्यातले १२ तालमींना दिले तर उरले तीन, आणि पावसाळ्यात पुण्यात डेंगी होतो. विद्यापीठाच्या वतीनं स्पर्धेला जात असाल तर विद्यार्थी विकास विभागाचं पत्र आधी घ्या आणि शिक्षकांना जाण्यापूर्वी भेटा. ‘सर, पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे’ आणि ‘सर, मागच्या आठवड्यात स्पर्धा होती’ या दोन वाक्यांना मिळणारी उत्तरं फार वेगळी असतात. नोट्ससाठी जोडीदार धरताना तो तुमच्याच नाटकात नसलेला धरा. आमच्या टीममधल्या पाचही जणी एकमेकींच्या नोट्सवर विसंबून होत्या. इंटर्नलच्या (अंतर्गत परीक्षेच्या) आदल्या रात्री पाचही वह्या कोऱ्या निघाल्या.

एक उपक्रम मात्र गुपचूप घुसतो : स्पर्धा परीक्षा. होस्टेलमधल्या निम्म्या टेबलांवर एमपीएससीची पुस्तकं असतात आणि ती पाहून आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं. ज्यांनी ठरवून पदवीला प्रवेश फक्त होस्टेलमध्ये राहण्यापुरता घेतलाय, त्यांना माझं सांगणं नाही. बाकीच्यांनी पहिलं सेमिस्टर तरी त्या पुस्तकांना हात लावू नये. दोन्हीकडं अर्धं मन ठेवून दोन वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी बोलताना कुणीच निकालाचा विषय काढत नसे.

तब्येत, पैसा, घर

पहिले तीन आठवडे रडू येतं. अंघोळीला जाऊन रडणारी मी एकटीच नव्हते, हे नंतर कळलं. या दिवसांत दर शनिवारी घरी पळू नका. गौरी-गणपतीला जा, मग दिवाळीला. पण महिना उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर ते घरची आठवण म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशकाकडं जा किंवा १४४१६ या टेलि-मानस नंबरवर बोला. मराठीतही बोलता येतं.

तापाला दोन दिवसांवर थांबू नका, रक्त तपासा. खोलीतल्या प्रत्येकीच्या घरचा नंबर भिंतीवर चिकटवलेला असावा. माझ्या गडचिरोलीच्या मैत्रिणीला रात्री अकराला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा तिच्या फोनचं लॉक आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पैशांसाठी एक छोटी वही. मेस, प्रवास, झेरॉक्स, बाकी, एवढे चार रकाने पुरतात. टपरीवर खातं उघडू नका. चहाची उधारी कुणाच्याही लक्षात राहत नाही, फक्त टपरीवाल्या काकांच्या राहते.

परीक्षा आणि खोली सोडताना

सबमिशनचा आठवडा आला की प्रिंटर बंद पडतात, म्हणून जर्नलं (प्रॅक्टिकलच्या वह्या) चार दिवस आधी. जुन्या प्रश्नपत्रिका सीनियरकडून सप्टेंबरातच मागून घ्या. नोव्हेंबरात त्या कुणाकडं असतात ते कुणालाच आठवत नाही. रात्रभर जागण्याची स्पर्धा मजल्यावर चालते, तिच्यात उतरू नका.

उन्हाळ्यात खोली रिकामी करायची असते. पेटीवर नाव, विभाग आणि फोन नंबर लिहून ती स्टोअरला द्या, दिल्याची सही घ्या. गादी जाळीच्या खिडकीत दोन दिवस कडक उन्हात टाका, मगच गुंडाळा. टेबललॅम्प, बादली, सायकल पुढच्या कुणाला तरी द्यायची असेल तर यादी लागेपर्यंत थांबा. नवी मुलगी दारात येते तेव्हा तिच्या बाबांच्या हातात आधीच एक बादली असते, पण सायकल नसते. मग ‘नो ड्यूज’चा फॉर्म : ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, शेवटी रेक्टर. मेसचा शिक्का सगळ्यात आधी घ्या, मॅनेजर दुपारी दोननंतर सापडत नाही. आणि अनामत रकमेच्या पावतीसाठी पेटीचा तळ बघा.